इंग्रजीतला परवा

(विद्यानगर, उर्दू-तेलुगू बोलणाऱ्या शहरातली एक वस्ती. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची. हिवाळ्यातली सकाळ, धुकं अजून निवळलेलं नाही.)

देवराव : ...आन् मंग तुझी माय बस्त्यावर बसली. रेकॉर्ड रूमच्या मधोमध. लाल कापडात बांधलेला कागदांचा बस्ता, त्याच्यावर अशी मांडी घालून. मी म्हणलो, सखू, उठ, सरकारी कागद हायेत. ती म्हणली, मऊ हायेत.

सुमेधा : अप्पा, चहा घ्या. निवतोय.

देवराव : स्वप्न मोडू नको माय, परत सापडत नाही. कागद सगळे श्वास घेत होते. वर-खाली, वर-खाली, निजलेल्या लेकरासारखे. चौतीस वर्षं अटेंडर होतो त्या खोलीत, जागेपणी कधी ऐकू आलं नाही.

सुमेधा : तुम्ही बोलत राहा, मी टाइप करते. चारच्या आत रिपोर्ट द्यायचाय. ट्रेनिंगचा शेवटचा दिवस आहे आज.

देवराव : काय शिकवतेत गं तीन दिवस? माणसाला नोकरीवरून काढायला इत्ता अभ्यास लागतो?

सुमेधा : काढायला नाही. नियमानं काढायला.

देवराव : आमच्या टायमाला साहेब नुस्ता चष्मा काढून टेबलावर ठेवायचा. समोरचा माणूस तिथंच वाळायचा.

सुमेधा : आता तसं नाही चालत. काल सर म्हणाले, फाइल बघा, चेहरा बघू नका. कामात ढिला कोण, बेशिस्त कोण, सगळं कागदावरून ठरवायचं. प्रत्येकानं आपल्या ऑफिसातली एक अर्धवट चौकशी सोबत आणायची आणि तिथंच संपवायची. माझ्या वाट्याला एक अटेंडर आलाय.

देवराव : नाव नक्को सांगू.

सुमेधा : नाही सांगत. आधीच्या साहेबांनी जबाब घेतले, मग त्यांची बदली झाली. बाहेरगावचे होते ते. मी फक्त शेवटचं पान लिहायचंय. माणूस अकरा दिवस गैरहजर होता. तेवढंच असतं तर एखादी इन्क्रिमेंट थांबवून भागलं असतं. पण चौकशीत खोटं बोललाय. खोटं पकडलं गेलं की नोकरीच जाते, अप्पा. दोनच वर्षं राहिलीत त्याची.

देवराव : काय खोटं बोल्ला?

सुमेधा : म्हणतो, जायच्या आधी सुपरिंटेंडंटना सांगून गेलो होतो. कधी सांगितलंस विचारलं, तर म्हणाला दोन दिवसांपूर्वी. जबाब मंगळवारचा, कामावर परत आला त्या दिवशीचा. दोन दिवस मागे म्हणजे रविवार. ऑफिसला कुलूप, आणि हा गावालाच. इंग्रजीत स्वच्छ टाइप केलंय, खाली त्याची सही. काल क्लासात वाचून दाखवलं तर सगळे हसले. सर म्हणाले, बघा, असा सापडतो माणूस.

देवराव : तू बी हसलीस?

सुमेधा : थोडंसं.

देवराव : हं.

सुमेधा : असं ‘हं’ नका म्हणू.

देवराव : काही नाही गं. हसायचं नाव निघालं की तुझी माय येते. तोंडावर पदर धरून हसायची. परवा सुलतान बाजारात चपला घेतल्या तिला. घरी येताना बगतो तर एक पाय मोठा, एक लहान. दुकानदारानं दोन जोड मिसळलेले. भर रस्त्यात उभी राहून हसली. बस निघून गेली, तरी हसतीच आहे. मंग आम्ही जामबागेपर्यंत पायी आलो, वाकड्या चपलांनी.

सुमेधा : परवा?

देवराव : हौ. तू कडेवर होतीस ना माझ्या.

सुमेधा : मी कडेवर होते. अप्पा, मला एकतीस वर्षं झाली.

देवराव : मंग? परवाच की.

सुमेधा : आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

देवराव : ती बी परवाच.

सुमेधा : थांबा. थांबा जरा. ऑफिसात तुम्ही काय म्हणायचे ह्याला? मराठी नाही, तिथल्या लोकांशी उर्दू-हिंदीत बोलताना.

देवराव : परसों. अख्खं शहर म्हणतं. कालचं ते काल, आन् त्याच्या मागचं सगळं परसों. माझ्या बापानं नांदेड सोडलं ते बी परसों. का गं?

सुमेधा : त्या माणसाची सही उर्दूत आहे.

देवराव : अस्सं.

सुमेधा : परसों बोल दिया था. असंच म्हणाला असणार. आणि साहेबांनी पुस्तकातला परसों धरला, दोन दिवस मोजले, इंग्रजीत टाइप केलं. तो जायच्या आधीचंच सांगत असेल. मी इथं जन्मले, इथं वाढले, माझ्या कसं नाही ध्यानात आलं?

देवराव : तू इंग्रजी वाचलंस माय. त्यात तो शब्द नव्हताच.

सुमेधा : पण खात्री कुठंय? खरंच खोटं बोलला असेल तर?

देवराव : असंल बी. मी काय वकील नाही त्याचा.

सुमेधा : मग मी काय करू?

देवराव : ते मला कशाला विचारतीस. मी बस्ते उचलणारा माणूस. मलाबी एकदा मेमो आलता.

सुमेधा : तुम्हाला? कशाबद्दल?

देवराव : कामात ढिला. कागद मागितला की अर्धा घंटा लावतो म्हणून. आन् खरं होतं ते. मला वाचता कुठं येत होतं. मी बस्ता वळखायचो गाठीवरून, न्हाईतर वासावरून. जमिनीचे कागद मातीसारखे वास मारतेत. पेन्शनचे औषधासारखे. डोळे मिटून एकेकाला नाक लावत फिरायचो, त्याला टाइम लागतो. हे कुणाला सांगणार? मंग एक नव्या मॅडम आल्या, तेलुगू होत्या. त्यांनी मेमो बाजूला ठेवला, मला स्टुलावर बसवलं आन् विचारलं, देवराव, इत्ता वेळ आत करतो काय तू? सतरा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं. मी म्हणलो, अम्मा, वास घेतो.

सुमेधा : मग?

देवराव : हसल्या नाहीत त्या. दुसऱ्या दिवशी रंगीत दोऱ्यांचं बंडल आणलं. जमिनीला हिरवी, पेन्शनला पांढरी. लई वर्षं ती हिरवी दोरी माझ्या बोटाला दिसायची, झोपेत बी.

सुमेधा : मला कधी सांगितलं नाहीत हे.

देवराव : तुझा अभ्यास चालू होता.

सुमेधा : नियमात बसतं, अप्पा. त्याला परत बोलावता येतं, त्या सुपरिंटेंडंटनाही; त्यांना तर कुणी विचारलंच नाही. पण नोटीस काढायची, तारीख द्यायची, म्हणजे दहा-पंधरा दिवस. आज चारला माझ्या हातात रिपोर्ट नसेल. माझ्या नावापुढं ‘अपूर्ण’ लागेल, आणि ते माझ्याच गोपनीय अहवालात जाईल. मार्चमध्ये प्रमोशनची यादी आहे.

देवराव : ठाऊक आहे. मी खालच्या मजल्यावर सांगून बसलोय, मार्चात पेढे देतो म्हणून.

सुमेधा : तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं?

देवराव : कुणी नाही. आपल्या घरात सही करणारी तू पहिली. तोंडात राहत नाही ते.

सुमेधा : आता त्यांना काय सांगणार?

देवराव : बघू. परवा देतो म्हणतो. ते बी इथलेच हायेत.

सुमेधा : माझा फोन द्या.

देवराव : चहा पी आधी.

सुमेधा : फोन द्या, अप्पा. ...हॅलो, गुड मॉर्निंग सर. सुमेधा बोलतेय. सर, माझा रिपोर्ट आज येणार नाही. ...हो, माहीत आहे. ...हो सर, अपूर्ण लिहा. ...नाही नाही, तब्येत बरी आहे. एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय.