आम्ही तुझे आहोत, पूर्णविराम

...आणि मिठीसुद्धा वाचायची! मोठ्यानं! स्वतःच्या आईसमोर! तुम्हाला सांगते, वर्गात हजेरीच्या वेळी माझ्या तोंडून 'हजर' निघत नाही, बाई दोनदा मान वर करतात तेव्हा शेजारची ओरडते, "आहे हो, इथंच आहे ती!"... आणि तीच मी, रोज शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आईला म्हणते, "युवराजांनी तिला मिठीत घेतलं पूर्णविराम अवतरण सुरू आम्ही तुझ्याविना जगू शकत नाही उद्गारचिन्ह अवतरण पूर्ण." आणि आई काय म्हणते? "'जगू' दीर्घ ना?" "दीर्घ." "हं. पुढं."

मला काही वाटत नाही. मी नुसती वाचते.

आई प्रूफं तपासते. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढते. लेखिकाबाईंनी लिहिलेले मूळ कागद माझ्या हातात, छापखान्यातून आलेले आईच्या हातात, मी टिंबं-रेघांसकट वाचत जायचं आणि आईनं पेन्सिल फिरवत जुळवत जायचं. आणि पुस्तकं कसली? राजघराण्यांच्या प्रेमकथा! तलवारीवाल्या नाहीत हं, आजकालच्या. राजपुत्राकडे मोबाइल असतो, हेलिकॉप्टर असतं, आणि वेळ तर इतका असतो की विचारू नका. कॉफीच्या दुकानातली मुलगी त्याच्या कोटावर कॉफी सांडते आणि हा तीन प्रकरणं तिच्याकडे नुसता बघत बसतो! माझ्या हातून प्रूफावर पाण्याचा एक थेंब सांडला होता, तर आईनंही माझ्याकडे बघितलं होतं. एकदाच. पुरलं मला.

अशी तेरा पुस्तकं वाचली मी. तेरा लग्नं लावली. काही वाटत नाही.

शेजारच्या काकूंना मात्र वाटतं! त्या कपडे शिवतात. पाय मशीनवर, डोळे पुस्तकात, त्यामुळे त्यांच्याकडचे ब्लाउज कधी कधी एका बाहीला दुःखी असतात. मी एकदा धीर करून विचारलं, "काकू, सगळी सारखीच तर असतात, मग का वाचता?" तर म्हणाल्या, "अगं, राजवाड्यात कुणी कुणाला 'डबा धुवायला टाकलास का' असं विचारतं का? त्यांचं भांडणसुद्धा कारंज्यापाशी होतं! आमचं कुठं होतं? मोरीत! आणि शेवटी बघ, तो तिच्यासाठी उभा राहतो गं... सगळ्यांच्या देखत. आमचे हे टीव्हीचा रिमोट द्यायलाही उठत नाहीत." मग आवाज खाली आणून, "नवीन पुस्तकात ती राणी होते ना?" मी म्हटलं, "होते." तर केवढ्यांदा ओरडल्या, "सांगू नकोस!"

असो. तर ही राजघराण्यातली माणसं स्वतःला 'आम्ही' म्हणतात. एकटा असतो हो तो! खोलीत चिटपाखरू नसतं, तरी "आम्ही दमलो"! पहिल्या पुस्तकात तर मी मागची दोन पानं उलटून बघितली होती, याच्याबरोबर आणखी कोण आलंय म्हणून. शेवटी आईनं भिंतीवर कागद चिकटवला: राजपुत्र – आम्ही. राजमाता – आम्ही. नायिका – मी. कारण चूक होऊन चालणार नव्हतं. बाराव्या पुस्तकात 'राजपुत्रानं तिचा हात मागितला'च्या जागी 'हार मागितला' छापून गेलं होतं, आणि वाचकांनी त्याला चोर ठरवला. तेव्हा प्रकाशकसाहेब चष्मा पुसत, हळू आवाजात म्हणाले होते... ते हळू बोलतात, तेच वाईट असतं... "बाई, हल्ली हे काम संगणकही करतो. पुढची चूक झाली तर मी त्यालाच सांगेन." त्या दिवसापासून आई जेवतानासुद्धा घास जुळवून बघितल्यासारखी जेवते.

आणि मग आलं चौदावं. शेवटचं प्रकरण. राजपुत्र राज्य सोडून, पावसात भिजत, तिच्या दारात उभा. मी वाचलं, "आम्ही तुझे आहोत पूर्णविराम."

आईची पेन्सिल थांबली. "आम्ही?"

"आम्ही."

"इथं 'मी तुझा आहे' छापलंय. गाढवं आहेत नुसती." आणि तिनं 'मी' खोडून 'आम्ही' केलं, 'तुझा'चं 'तुझे', 'आहे'चं 'आहोत' केलं. पुढं अशा आणखी तीन जागा आल्या. चारही दुरुस्त! काकूंसाठी एक चुकलेला 'मी' शिल्लक ठेवला नाही आम्ही.

पुस्तक आलं, आणि दुसऱ्याच दिवशी लेखिकाबाईंचा फोन. फोन आईच्या कानाला, आणि ऐकू येतंय मला खिडकीपाशी! "दोनशे पानं तो माणूस 'आम्ही, आम्ही' करतो ते कशासाठी? शेवटी एकदा 'मी' म्हणावं म्हणून! तेवढ्यासाठी पुस्तक लिहिलं मी! आणि तुम्ही? त्या बिचारीच्या गळ्यात अख्खं घराणं बांधलंत!"

आई शांत होती. "मूळ प्रतीत 'आम्ही'च आहे," म्हणाली. "चल गं, कागद घे. दाखवू साहेबांना."

कागद माझ्या मांडीवर. साहेबांच्या खोलीबाहेरचं बाकडं. मी सहज शेवटचं प्रकरण उघडलं... आणि बघते तर काय! 'मी तुझा आहे.' चांगल्या ठसठशीत अक्षरात. चारही ठिकाणी. म्हणजे चूक छापखान्याची नाही, कुणाचीच नाही, माझी! तेरा पुस्तकांत 'आम्ही' म्हणून म्हणून मी डोळे मिटून वाचायला शिकले होते. आईला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं.

आईनं कागद त्यांच्यासमोर ठेवले. ताठ मानेनं. साहेबांनी वाचलं, आणि कागद आईकडे फिरवला. आईनं वाचलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मला बोलायचं होतं हो. आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून. सगळा जीव गोळा केला आणि म्हणाले,

"आम्ही चुकलो."

साहेबांनी चष्मा काढला. "आम्ही म्हणजे कोण कोण?"

आता 'मी' म्हणायचं. एवढं एक अक्षर! राजपुत्राला येतं, मला येईना. आणि आई म्हणाली, "मी. मी चुकले, साहेब. बघताना माझीच नजर चुकली. ती फक्त सोबत आली आहे."

मला काही वाटत नाही म्हणत होते ना मघापासून? ...तेव्हा वाटलं. काय वाटलं ते विचारू नका, त्याला विरामचिन्ह नाही.

साहेब हळू बोलले. राजघराणी संगणकाकडे गेली. आईला मिळाली पंख्यांची आणि इस्त्र्यांची माहितीपत्रकं. 'तार ओढू नये पूर्णविराम.' दहा मिनिटांत संपतात. उरलेल्या वेळात आई काय करते? काकूंकडून राजपुत्र उसने आणते! पेन्सिल न घेता, पाय पसरून, भिंतीला टेकून वाचते. काल विचारलं, "कसं आहे गं?" तर म्हणाली, "चुकाच चुका," आणि पान उलटलं. थोड्या वेळानं म्हटलं, "आई, भूक लागली." तर वर न बघता म्हणते, "थांब, तो आत्ताच तिच्या दारात आलाय."

तो दारात उभा, आई त्याच्याबरोबर उभी, आणि मी गॅसपाशी.