शके एक आणि शेवटचं भजं

आकुर्डीच्या आमच्या कॅन्टीनमध्ये अलिखित कायदाच होता राव, बशीतलं शेवटचं भजं सगळ्यात धाकट्याचं. म्हणजे कायम माझं. वयानं थोरले शेखचाचा नुसते बघत बसायचे. एक दिवस त्यांनीच काडी टाकली, "शके एक साली तुमच्या तुमच्या हिशेबानं कितवं साल होतं रे?"

मी ऐटीत म्हणालो, "इसवी सन अठ्ठ्याहत्तर."

कांबळे उसळला, "हॅट्! बुद्धवर्ष तर सहाशेच्या पुढं गेलं होतं."

"आणि कलियुगाची तीन हजार वर्षं उलटली होती!" जोशीनं टेबलावर थाप मारली.

भांडण रंगलेलं बघून मी हळूच भज्याकडं हात नेला. चाचांनी मनगट धरलं.

"थांब बेटा, तू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. आमच्या हिजरीला जन्मायलाच अजून पाचशे वर्षं होती."

एवढं बोलून जन्माला न आलेल्या चाचांनी भजं तोंडात टाकलं.