गावची माणसं जेवतात ती खानावळ

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावरच्या दवाखान्यात कल्लिरोई नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"तुला काय झालं, स्तामाती?"

"लिव्हर सुजलंय. पुतण्याच्या खानावळीत मी दाराशी बसतो ना. गावची माणसं इथं जेवतात, असं पर्यटकांना दिसायला हवं."

"मग नुसतं बसावं. पितोस कशाला?"

"पर्यटकच पाजतात. पुढं केलेला ग्लास नाकारणं म्हणजे अपमान. आपली रीतच आहे ती."

"आणि तू रीतीला फार जपणारा."

"जर्मन आले की जरा जास्तच जपावं लागतं. तुझं काय, लेफ्तेरी?"

"मी बंदरावर तेच काम करतो. मिशा बघून ठेवलंय मला. रोज तळलेला ऑक्टोपस, तोही गोठवलेला. पोटाची वाट लागलीय."

"डॉक्टर सांगेल, घरचं साधं जेवा."

"घरी रांधणार कोण? बायको तुझ्याच पुतण्याकडे असते. पाटीवर लिहिलंय ना, 'आजीच्या हातची चव'? ती आजी म्हणजे आमची बायको."

"अरे, पण तुम्हाला नातवंडं कुठंयत?"

"पुतण्याला विचार."

"बरं, आज सुट्टी घेऊ. दुपारी कुठं जेवायचं?"

"गावची माणसं जेवतात तिथं."

"तिथं आपणच बसलेले असतो रे."