दाजींच्या शेवटच्या इंजिनाचा काटा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या प्रमुख आदरणीय डॉक्टरबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि नात्याने माझे दाजी, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची पत्नी म्हणजेच माझी सख्खी मोठी बहीण, गॅरेजमधले माझे सगळे सोबती, आणि ज्यांच्या गाड्या आम्ही वेळेवर देतो व ज्यांच्या देत नाही, असे आमचे सर्व गिऱ्हाईक बंधुभगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. गॅरेजमध्ये बोलण्याचं खातं दाजींकडे आणि ऐकण्याचं माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे. तरी आज बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आयोजकांचे आभार मानावेत की त्यांच्यावर रागवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. माझं नाव पुकारल्यावर मी माईककडे येत होतो, तेव्हा दाजींनी माझी बाही धरली आणि कानात काहीतरी विचारलं. तुम्हाला वाटलं असेल, ‘चांगलं बोल’ म्हणाले. छे हो! त्यांनी विचारलं, “काटा किती?” मी म्हणालो, “भाषणात सांगतो.” तेव्हापासून ते माझ्याकडे कसे बघतायत ते तुम्हीच बघा. गुच्छ मांडीवर आहे, पण लक्ष माझ्या तोंडाकडे.

ज्यांना हा काटा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर अंगणात जी पांढरी रुग्णवाहिका उभी आहे, तिचं इंजिन दाजींनी बांधलंय. निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं काम. इंजिनाच्या आत तेल नुसतं असून भागत नाही, ते दाबाने सगळीकडे पोचावं लागतं. तो दाब मोजणारा एक मीटर आम्ही लावतो आणि त्याचा काटा बघतो. आज सकाळी तो मी बघितला. आणि कार्यक्रमपत्रिकेनुसार माझं भाषण संपलं की दाजी त्या गाडीची चावी, ती बघा टेबलावरच्या तबकात आहे, डॉक्टरबाईंच्या हातात देणार आहेत. ड्रायव्हरमामा दाराशी तयार उभे आहेत. उद्या पहाटे ती गाडी पेशंटला घेऊन घाट चढणार आहे.

तर काटा किती? सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला ते सांगता येणार नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं तरी माझा नाइलाज आहे.

दाजी माणूस कसा आहे, हे तुम्ही सगळे जाणता. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागलेली गाडी घेऊन कुणी गॅरेजच्या दारात आलं, की हे आतूनच ओरडतात, “आधी बंद कर!” गिऱ्हाईक बिचारं ‘नमस्कार’ म्हणत असतं. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच पाठ घोकून घेतलाय. दिवा लागला की आधी गाडी बंद. मग तेलाची पट्टी बघ. मग मीटर लाव. मग तोंड उघड. दिवा खोटं बोलू शकतो, त्याचा सेन्सर खराब असू शकतो. मीटर सहसा खोटं बोलत नाही. इतका सोपा हिशोब.

आणि हा हिशोब शिकवणारा माणूसच एकदा तो विसरला. दाजी, माझ्याकडे असं बघू नका. सांगू का, असं मी काल तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही ‘सांग’ म्हणाला होतात.

रुग्णालयाची आधीची गाडी आठवते? तिचंही इंजिन दाजींनीच बांधलं होतं. आठवडा झाला असेल नसेल, ड्रायव्हरमामा सकाळी गाडी घेऊन आले. म्हणाले, “उभी असताना दिवा लुकलुकतो.” दाजी म्हणाले, “सेन्सर गेला असेल.” पट्टी बघितली, तेल पुरेपूर. नवा सेन्सर बसवला. गाडी गरम झाली आणि दिवा परत लुकलुकला. मी मीटर लावला. गाडी थंड असताना काटा ताठ उभा. गरम झाली, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की काटा बसायला लागला. दाजी म्हणाले, “मीटर बदल.” मी दुसरा लावला. तोही बसला. दाजी म्हणाले, “दोन्ही मीटर जुने झालेत. अरे, इंजिन मी बांधलंय ना?”

दुसऱ्याने बांधलेलं इंजिन असतं, तर त्यांनी ते तिथल्या तिथे खोलायला लावलं असतं. पण आपला तो बाब्या. मी काटा बघत राहिलो.

एवढ्यात रुग्णालयातून फोन आला. गाडी ताबडतोब पाठवा, पोटाचा पेशंट आहे, घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. मामा गाडी घेऊन निघाले. दाजींनी जाऊ दिली. आणि दुसरा फोन घरून आला. तो पेशंट म्हणजे आमची ताई.

गॅरेजसमोरचा रस्ता ओलांडला की रुग्णालय. आम्ही दोघे धावत गेलो. पोर्चमध्ये गाडी चालू होती, दिवा लुकलुकत होता, आणि स्ट्रेचरवर ताई. तिचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. डॉक्टरबाई तेव्हा इथे नव्याने आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे. आमचे सर्जन रजेवर आहेत. पलीकडून गाडी मागवली तर ती येऊन परत जाईपर्यंत फार उशीर होईल. निघा लवकर.”

मी आत हात घालून गाडी बंद केली आणि चावी काढून घेतली.

दाजी माझ्यावर धावून आले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांची बायको स्ट्रेचरवर होती. पण माझी बहीणही तिथेच होती ना? ते म्हणाले, “चावी दे. गाडी जाईल.” मी म्हणालो, “अर्धा घाट जाईल. मग तेलावाचून बेअरिंगं जाम होतील आणि गाडी तिथेच उभी राहील. तिथून हिला खांद्यावर न्यायची का?” ते म्हणाले, “मी बांधलंय ते इंजिन!” माझी तर पाचावर धारण बसली होती. कारण खरं सांगतो, मला तरी कुठे खात्री होती? दोन्ही मीटर खरंच जुने असते तर? मी नुसत्या काट्याच्या भरवशावर सख्ख्या बहिणीला पोर्चमध्ये थांबवून ठेवलं होतं. दोन मेकॅनिक भांडतायत, मामा स्टिअरिंगवर बसून आळीपाळीने दोघांकडे बघतायत, आणि डॉक्टरबाई म्हणतायत, “कुणीतरी एकाने ठरवा.”

ठरवलं ताईने. पोट धरून, डोळे मिटलेले, तिने दाजींना विचारलं, “अहो, इंजिन कुणी बांधलं?”

“मी.”

“मग तुम्ही बोलू नका. भाजी मी करते, तेव्हा मीठ जास्त झालंय हे मला कधी कळलंय का? ते तुम्हीच सांगता, आणि मी तुमच्याशी भांडते. त्याला बघू दे.”

ताई, तू हसतेस आज. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिला सलाईन लावून ठेवलं. आम्ही गाडी ढकलत समोर गॅरेजमध्ये नेली. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोलायचं, तर तेल कढत होतं, आणि ते निवायला वेळ द्यायची सोय नव्हती. दाजींनी मला बाजूला केलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. त्यांच्या उजव्या मनगटावरचा डाग ज्यांनी पाहिलाय, तो त्या दिवसाचा आहे. चेंबर खाली आलं. त्यात तेल खेचून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. ती जाळी करड्या रंगाच्या बारीक कण्यांनी भरली होती. त्या कण्या म्हणजे चेंबर बसवताना सांध्याला लावतात ती पेस्ट. गळती नको म्हणून कुणीतरी ती हात सैल सोडून लावली होती. जादा झालेली आतल्या बाजूला सरकली, सुटली आणि जाळीत जाऊन बसली. पंप ओढत होता, पण तेल येत नव्हतं.

करडी पेस्ट आमच्या गॅरेजमध्ये एकच माणूस वापरायचा.

दाजींनी जाळी हातात धरून पाहिली. जाळी धुतली, चेंबर पुसलं, पेस्टला हात न लावता सांध्यातल्या नुसत्या गॅस्केटच्या पट्टीवर बसवलं, नवं तेल भरलं. गाडी चालू करून गरम केली. आणि मी मीटर लावला, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, “तू बघ. मला माझं दिसत नाही.”

काटा उभा राहिला. पाय काढला तरी उभा राहिला.

घाटात मी मीटर हातात धरून पुढे बसलो होतो, त्याची नळी सीटखालून इंजिनात. दाजी मागे ताईजवळ. प्रत्येक वळणाला मागून आवाज यायचा, “काटा?” मी म्हणायचो, “आहे.” पुढच्या वळणाला पुन्हा, “काटा?” शेवटी ताई म्हणाली, “अहो, कधीतरी माझी नाडीपण विचारा.” त्यानंतर दाजी जे रडायला लागले, ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत रडत होते. मी मागे वळून पाहिलं नाही. मला काट्यावरची नजर काढायची नव्हती, आणि माझेही डोळे कोरडे नव्हते.

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, वेळेत आणलंत. ताई समोर बसली आहे.

ती घरी आल्यावर दाजींनी गॅरेजमधल्या सगळ्यांना गोळा केलं, ती करडी पेस्ट दाखवली आणि म्हणाले, “हे माझं काम.” त्याच दिवशी नियम ठरला, जो आमच्याकडे आजतागायत चालतो. ज्याने इंजिन बांधलं, त्याने त्याला मीटर लावायचा नाही. दुसऱ्याने लावायचा, आणि दिसेल ते बांधणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. मोठा असो, धाकटा असो. दाजींच्या इंजिनांना तेव्हापासून मीच मीटर लावत आलोय, आणि माझ्या इंजिनांना दाजी. माझ्या चुका त्यांनी किती वेळा आणि कुठल्या भाषेत सांगितल्या, ते या सभ्य सभागृहात सांगता येणार नाही.

आता आज सकाळचं. मी मीटर लावून बघत होतो, तेव्हा आमचे पेंटर शेजारीच होते. त्यांनी काटा पाहिला. म्हणाले, “आज राहू दे. दिवा तर लागत नाही ना? आज चावी देऊ दे त्यांना. उद्या गाडी फिरून आली की परवा आपण गुपचूप परत बोलावू. निरोपाच्या दिवशी म्हाताऱ्याचा पाणउतारा करतोस का?” पेंटरांना दाजींबद्दल जिव्हाळा आहे म्हणूनच ते तसं बोलले. मीही खरं सांगतो, इथे येईपर्यंत माझं मन तिकडेच झुकत होतं. कुणाला वाटेल हो, असा समारंभ नासवावा?

दाजी, तुम्ही माझी बाही धरलीत, तेव्हा तुम्हाला नुसता आकडा नको होता, हे मला कळलं. आजच्या दिवशी सगळे तुमच्याशी गोड बोलतायत. मीही त्यांच्यातलाच झालो का, हे तुम्हाला बघायचं होतं.

काटा पडतोय, दाजी.

थंड असताना छान आहे. गरम झाली की खाली येतो. दिवा लागण्याइतका नाही, पण घाट चढण्याइतका चांगलाही नाही. का येतो, ते मला अजून माहीत नाही. डॉक्टरबाई, क्षमा करा, आज चावी मिळणार नाही. ही मी खिशात टाकतो. मामा, उद्या जुनीच गाडी न्या, ती मी पाहून ठेवली आहे.

नाही, दाजी, तुम्ही उठू नका. इंजिन तुमचं आहे, तुम्हाला त्यात काही दिसणार नाही. उद्या चेंबर मी खोलतो. जे सापडेल ते दुरुस्त करतो आणि बंद करतो. म्हणजे उद्या संध्याकाळी ते इंजिन माझं झालं. मग त्याला मीटर कोण लावणार? गॅरेजमध्ये मीटर लावता येणारे पुष्कळ आहेत, सगळे तुमच्याच हाताखाली शिकलेत. पण उद्यापासून तुमचं गॅरेज माझ्या नावावर आहे. मालकाला ‘तुझं चुकलंय’ म्हणणारा त्यांच्यात एकही नाही. या गोष्टीची मला फार भीती वाटते, दाजी. तुम्ही जाताय याचं दुःख आहेच, पण त्याहून ही भीती मोठी आहे.

असो. कार्यक्रमाची घडी मी पुरती विस्कटली. आयोजकांनी एवढ्या हौसेने सजवलेलं तबक रिकामं करून टाकलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं त्याबद्दल त्यांचे, आणि आपण सगळे जागचे हलला नाहीत त्याबद्दल आपले मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जड गेला असेल, तर तो माझ्या अडाणीपणावर घालून मला माफ करावं.

दाजी, परवा सकाळी गॅरेजमध्ये या. माझ्या इंजिनाला मीटर लावा. आणि काटा पडला, तर सगळ्यांसमोर सांगा.