मालकांचं नाव

...आणि वर आमचे सर मलाच विचारतात, 'निवेदिता, ये गिट कौन है?' कौन है म्हणजे? तुम्हाला सांगते, हसावं की भिंतीवर डोकं आपटावं! पलासियात आमचं ऑफिस, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, आणि सगळ्यांचा कोड ठेवायला कपाटात आमचा स्वतःचा सर्व्हर, कारण सर, म्हणजे आमचे मालक यशवर्धनजी, म्हणतात, 'अपना माल दूसरे के गोदाम में क्यों रखना?' त्या सर्व्हरवर गिट नावाचं खातं. माणूस नाही हो, खातं! आम्हा सगळ्यांचा कोड त्याच्या नावानं जमा होतो, बस, एवढंच त्याचं काम.

तर त्या दिवशी संध्याकाळी साखरपुडा. माझा! बेटम्याला, जयेशच्या घरी. सरांची एकच अट, 'बेटा, कोड चढा के जाना.' ठीक आहे, चढवते आणि पळते! हातावर मेंदी, बॅगेत साडी, बटण दाबते तर काय? परमिशन डिनाइड! पुन्हा दाबते. परमिशन डिनाइड! अरे मेल्या, काल तर चालत होतास, आजचाच मुहूर्त सापडला का रे तुला?

शेजारी आमचा विक्रांत. त्याला सगळ्या आजारांवर एकच गोळी ठाऊक. 'अरे भिया, सात-सात-सात मार दे!' म्हणजे काय, तर सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या, या, बसा, लिहा, पुसा! मी नको नको म्हणेपर्यंत मारूनसुद्धा मोकळा. आणि हा सर्व्हर असला तऱ्हेवाईक, की आत शिरायच्या आमच्या किल्ल्या ज्या फाइलीत असतात, ती सगळ्यांना उघडी दिसली की तो किल्लीच मानत नाही! म्हणजे आधी बंद होतं म्हणून आत घेईना, आता उघडं आहे म्हणून घेईना... परमिशन डिनाइड! सासू बरी हो यापेक्षा!

तेवढ्यात आईचा फोन. 'अगं, सगळे गाडीत बसलेत, कुठे आहेस तू?' म्हटलं, 'आई, परमिशन मिळत नाहीये...' 'आता कसली परमिशन? बाबांनी दिली की!'

सर्व्हरवर प्रत्येक फाइलीला एक मालक, म्हणजे 'ओनर' असतो, लिहायची मुभा त्यालाच; शेवटी तो कोण लागलाय ते बघितलं, तर गिट गायब! जिथे बघावं तिथे यशवर्धन, यशवर्धन, यशवर्धन! धावत केबिनमध्ये गेले. सर कचोरी खातायत. निवांत! म्हणे व्हिडिओ बघून स्वतःच्या हातानं केलं. 'कंपनी मेरी, सर्वर मेरा, और ओनर की जगह किसी गिट का नाम? निकाल दिया. कभी ऑफिस आया भी है वो?' म्हटलं, 'सर, वहाँ का ओनर मतलब कंपनी का ओनर नी होता.' 'तो फिर लिखा क्यों है?' सांगा! द्या उत्तर! माझं लग्न मोडायला निघालाय हा माणूस, आणि बोटं चाटतोय!

मग काय करणार? एकेक परमिशन जागेवर आणली, फाइली गिटला परत दिल्या आणि त्या गिटचंच नाव बदलून टाकलं. 'यशवर्धन' सरांच्या स्वतःच्या खात्यानं आधीच घेतलेलं होतं, म्हणून 'यशवर्धनजी' केलं. जी लावून! आता नाव बदललं म्हणजे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर त्या नावाचा नवा पत्ता टाकायचा, तो कोण टाकणार? मीच! यशवर्धनजी, यशवर्धनजी... मेंदीचे पोपडे कीबोर्डवर गळतायत, आणि सर मागे उभे राहून खूश, 'हाँ, अब लगा ना मालिक का नाम!'

बेटम्याला पोचले तेव्हा पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली होती. पण जयेश चांगला हो, हसला बिचारा. अंगठी झाली, पेढे आले, माझा जीव कुठे जरा भांड्यात पडतोय तोवर त्याची आत्या उठली, कांताबाई. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याला मालक म्हणणारी. 'चला सूनबाई, आता मालकांचं नाव घ्या!'

उखाणा पाठ होता हो माझा! आरशासमोर उभी राहून घोकलेला! डोळे मिटले, आणि खणखणीत आवाजात...

'चांदीच्या ताटात पेढ्यांची रास, यशवर्धनजींचं नाव घेते तुमच्यासाठी खास!'

जयेशचा पेढा तोंडाशी तसाच. आईनं कपाळाला हात लावला. मी सर्व्हर सांगितला, खातं सांगितलं, कचोरीसुद्धा सांगितली... ऐकतंय कोण? लग्न होणार आहे, तारीखही ठरली. फक्त कांताबाई बेटमाभर सांगत सुटल्यात, 'मुलगी गुणाची आहे हो, पण आधीच्याला अजून जी म्हणते!'