चार बाय पाचचा समुद्र

...आन वर म्हणतो कसा, "दाजी, आत पाऊल टाकलं की समुद्राचा फील आला पाहिजे!" समुद्राचा! पेडगावात! अहो, आपल्या परभणी जिल्ह्यातून समुद्र बघायला जायचं तर रात्रभर रेल्वेत अवघडून बसावं लागतं, आन हा दिवटा म्हणतो, चार बाय पाचच्या न्हाणीत आणून देतो... निळं-पांढरं करू म्हणे, निळं-पांढरं!

दिवटा तुमाला माहीत नसंल. महारुद्र. आमच्या शेजारच्या सूर्यभानचा मेव्हणा, कडूबाईचा सख्खा धाकटा भाऊ. परभणीला असतो. आधी मोबाईल दुरुस्त करायचा. ज्याचा मोबाईल ह्याच्या हातात गेला तो माणूस पुन्हा कुणाशी बोललाच न्हाई. मग लग्नात फुगे लावायला लागला. तिथून जी उडी मारली ती थेट 'इंटेरियर'मधी! फुगे लावणारा माणूस, तुमाला सांगतो, फुगे लावणारा...

आता सूर्यभानला न्हाणी कामून बांधायची होती? हौस म्हणून? न्हाई हो! कडूबाई लग्न होऊन आली तवापासून घरामागं चार पत्रे उभे केलेत, त्याच्याच आड अंघोळ. वारं सुटलं की एका हातानं पत्रा धरायचा, दुसऱ्या हातानं तांब्या. कधी तोंडातून शब्द काढला न्हाई बाईनं. औंदा गुडघा धरला, तवा एवढंच म्हणली, "अवो, आतून कडी लागंल आन बसून अंग धुता येईल, एवढी जागा करा की मला." बस्स! कडी आन ओटा. सूर्यभानच्या काळजाला लागलं ते. सोयाबीन विकलं की पयलं काम त्यानं न्हाणीचं काढलं... आन लावलं कुणाला कामाला? मेव्हण्याला! बायकोचा भाऊ गावभर 'इंटेरियर, इंटेरियर' करत हिंडायलाय, मग दुसऱ्याला कसं सांगणार?

मग काय इचारता! खाली निळी टाईल, वर पांढरी टाईल, मधी निळी पट्टी. निळी बादली, पांढरा मग. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पडदा. दोरखंड गुंडाळलेला गोल आरसा, त्याखाली बेसिन. जिथं ओटा पाहिजे तिथं पांढरे गोटे पसरले, किनारा म्हणे! त्यावर शंख, शिंपले, आन प्लॅस्टिकचा एक मासा, चांदणीसारखा, पाच पायांचा, मेलेला का जिता काय की. सूर्यभान म्हणला, "अरे, ह्या गोट्यावर हिचा गुडघा कसा ठरंल? ओटा कुठं हाय?" तर हा हसतो! "दाजी, ओट्यानं लूक मरतो." बरं, कडी? "दाजी, सरकता दरवाजा हाय, त्याला कडी जुनाट दिसती." दिसती! अरे, कडी काय दिसायसाठी असती का?

आन नांगर... ते तर ऐकाच. भिंतीवर मधोमध लाकडाचा एक आकडा ठोकला, हातभर, निळा. सूर्यभाननं इचारलं, हे काय? "नांगर, दाजी." आता बगा, सूर्यभानचा जन्म गेला नांगर हाकण्यात. त्यानं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, "फाळ कुठं हाय रे ह्याला?" "अहो दाजी, हा जहाजाचा नांगर हाय!" "मग जहाज कुठं लावणार हायस, मोरीत?" समुद्र म्हणे! पेडगावात!

झाली तयार. कडूबाई पयल्यांदा आत गेली... आन आतून नुसते आवाज! ठण्ण... अगं आई गं... खळ्ळ... कोपर उचललं की नांगराला, वाकलं की बेसिनला, मागं सरकलं की किनाऱ्यावर! बाहेर आली तर कपाळाला टेंगूळ. सूर्यभाननं इचारलं, "कसं हाय?" तर म्हणली, "छान हाय की. माझ्या भावानं केलंय." आन आमचं बोअरचं पाणी! महिनाभरात निळ्या टाईलवर पांढरे डाग, पांढऱ्यावर पिवळे. एवढं एक मात्र महारुद्राचं खरं निघालं बरं का... पाणी खारट होतं!

एक दिवस सकाळी सूर्यभान गोठ्याकडं निघाला, तर घरामागं पाण्याचा आवाज. बघतो तर कडूबाई त्या दुखऱ्या गुडघ्यानं पुन्हा पत्र्याआड! काय वाटलं असंल हो त्या माणसाला? तसाच परत फिरला. दिवसभर जेवला न्हाई. रागानं न्हाई... लाजंनं. संध्याकाळी किनारा उपसून उकिरड्यावर टाकला आन त्या जागी चार विटांवर शहाबादी फरशी बसवली. नांगराला हात लावला न्हाई, शंख आन मासा बी आतच कोपऱ्यात ठेवला, मेव्हण्याची इज्जत! दुसऱ्या दिवशी कडूबाई पाणी घेऊन आत गेली.

आन नेमका तवाच महारुद्र हजर! एकटा न्हाई, चुडाव्याच्या बन्सीधर मास्तरला घेऊन. गिऱ्हाईक! "या सर, आपली साईट दाखवतो." ना टकटक, ना खाकरणं... कडी न्हाई तर अडवतंय कोण! सर्रकन दरवाजा सरकवला, "हे बगा सर, आत पाऊल टाकलं की समुद्राचा..."

"कोण मेलंय रे ते!"

पडदा होता म्हणून बरं! त्या पडद्यावरून आलं साबणाचं पाणी बादलीभर, पाठोपाठ मग, पाठोपाठ शंख, आन शेवटी तो पाच पायांचा मासा, थेट मास्तरच्या चष्म्यावर! मास्तर जो पळाला... चपला अजून सूर्यभानच्या अंगणात हायत.

आन मग सूर्यभान सुटला! "बहिणीनं कडी मागितली आन तू नांगर टांगतोस? फुगे लाव, फुगे! चालता हो!" महारुद्र नाकावरून पाणी गाळत उभा. बारीक आवाजात म्हणतो, "अक्का... लहानपणी तूच म्हणायचीस न, मला एकदा समुद्र बघायचाय म्हणून..."

संपलं! कडूबाई बाहेर आली ती सूर्यभानवरच! "माझ्या भावाला नावं ठेवायचं काम न्हाई, सांगून ठेवते. तुमी दाखवला का मला समुद्र?" सूर्यभानचा नवा शर्ट भावाच्या अंगात, चहा भावाच्या हातात. "आता आधी कडी लाव," म्हणली. लावली की त्यानं... बाहेरून!

तरी बाई काय म्हणली असंल? "अवो, स्वयंपाकघर बी ह्यालाच देऊ. हात बसलाय आता त्याचा." महारुद्राचे डोळे असे चमकले, "अक्का, हिरवं-पांढरं करू, जंगलाचा फील..."

सूर्यभाननं दोन्ही हात जोडले. "कर बाबा. फक्त वाघ तेवढा गॅसपासून लांब लाव."