सत्तर सालात अडकलेला कंट्रोलर

वायफायचं नाव निघालंच हाये, तर पवनीच्या कॉलेजातला किस्सा ऐका. छतावरचे बाराही वायफायचे डबे सकाळपासून नुसते लुकलुकत होते. एकही त्यायले चालवणाऱ्या कंट्रोलरले जोडून नाही राहिला, अन् अकराले पोरांची ऑनलाइन परीक्षा! मी केबल बदलल्या, स्विच बंद-चालू केला, काही फरक नाही. प्राचार्य घडीघडी दारातून डोकावून जात.

शेवटी कंट्रोलरची तारीख पाहिली. रात्री लाइन गेली, घड्याळाचा आतला सेल संपलेला, अन् परत चालू झाला तो थेट सत्तर सालात; या मशिनींचं घड्याळ तिथूनच सुरू होते. डब्यांची सर्टिफिकेटं, म्हंजे त्यायची ओळखपत्रं, आताची. तो म्हणे, तुमचा अजून जन्मच नाही झाला, तुम्हाले आत कसं घेऊ?

बाजूले कॉलेजचे शिपाई दौलतकाका उभे होते. मी हसून म्हटलं, "काका, याच्या हिशोबानं गोंदिया अजून वेगळा जिल्हा नाही झाला, आपल्याच जिल्ह्यात हाये."

काका हसले नाहीत. स्क्रीनजवळ आले. "म्हंजे गोसीखुर्दचं धरणबी नाही?"

"नाही."

"मंग आमचं गाव हाये अजून. या टायमाले माय नदीवर लुगडी धूऊन राहिली असन."

मी तारीख बदलायले हात पुढं केला, तर काका हळूच म्हणाले, "पाच मिनिटं राहू द्या ना, साहेब."

परीक्षा अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. प्राचार्य तडकले, "काहून उशीर झाला?"

मी म्हटलं, "सर, कंट्रोलर लय दुरून येऊन राहिला होता."